प्रत नेमकी कोणत्या क्षणापासून?

बेळगावला मुख्य शाखा आणि खानापूर, निपाणीला उपशाखा असलेली एखादी पतसंस्था घ्या. तिचा हिशेब बेळगावच्या सर्व्हरवर आहे आणि त्याची सतत ताजी राहणारी प्रत कोल्हापूरला ठेवायची आहे. हे काम करणाऱ्या रेप्लिकेशन सॉफ्टवेअरला सुरुवातीला एक वेळ सांगावी लागते: इथून पुढचे बदल उचल. ती वेळ चुकली तर बऱ्याचदा कुठलाही एरर येत नाही, प्रत मात्र अपुरी राहते.

डेटाबेसचे तक्ते म्हणजे खतावणी आणि बदलांचा लॉग म्हणजे रोजकीर्द. आधी सगळी खतावणी उतरवून घेतात, मग रोजकीर्द वाचत पुढे जातात. समजा उतरवायला सकाळी 10 ते दुपारी 1 लागले. साडेदहाला खानापुरात कुणी पाच हजार भरले, पण त्याचे खाते त्याआधीच उतरवून झाले होते. रोजकीर्द दुपारी एकच्या नोंदींपासून वाचली तर ते पाच हजार कोल्हापूरला कधीच पोचत नाहीत. म्हणून सुरुवात दहाच्या आधीची हवी. काही नोंदी दोनदा येतील, पण त्या ओळखून गाळता येतात. न आलेली नोंद शोधायची कुठे?

दहाच्या किती आधी? व्याज जमा करण्याचे काम पावणेदहाला सुरू होऊन सव्वादहाला कमिट (म्हणजे डेटाबेसमध्ये पक्के) झाले असेल, तर काही सॉफ्टवेअर तो आधीच उघडलेला व्यवहार सोडूनच देतात. तेव्हा सर्वांत जुन्या उघड्या व्यवहाराच्याही मागे जावे लागते.

त्यात क्लाउडवरचे सर्व्हर बहुधा यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक प्रमाणवेळेवर चालतात. आपण 10 लिहिले आणि ते यूटीसी धरले गेले, तर वाचन आपल्या दुपारी साडेतीनला सुरू होते.

आपल्या भागात पिग्मीचाही, म्हणजे एजंटमार्फत रोज जमा होणाऱ्या बचतीचाही, विचार करावा लागतो. एजंट दिवसभर बाजारात फिरून मशीनवर पैसे नोंदवतो, आणि मशीन संध्याकाळी शाखेत जोडले की नोंदी सर्व्हरवर चढतात. नोंदीवर वेळ सकाळी अकराची, डेटाबेसमध्ये ती आली सहाला. तक्त्यातला वेळेचा रकाना पाहून नवे तेवढे आणणारी पद्धत इथे हमखास फसते. ती पाचच्या पुढे गेलेली असते, अकराची नोंद तिच्या लेखी जुनी.

घटनांचा सुसंगत क्रम घड्याळाशिवाय, वाढत्या क्रमांकांनीही लावता येतो, हे संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्ट यांनी 1978 मध्ये दाखवले. ऑरॅकल या डेटाबेसचा एससीएन आणि पोस्टग्रेस या डेटाबेसचा एलएसएन हे असेच वाढते क्रमांक. पोस्टग्रेसमध्ये लॉजिकल रेप्लिकेशनचा स्लॉट (लॉग कुठून वाचायचा ती खूण) उघडताना नेमक्या त्या बिंदूचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणीचे तक्ते जसेच्या तसे, घेता येतो. तोच उतरवला की मध्ये फट राहत नाही. क्रमांक मिळत असेल तिथे वेळ लिहूच नये, असे माझे ठाम मत आहे.

वेळच द्यावी लागली, तर टाइमझोनसह द्या. मग उतरवण्याच्या त्या तीन तासांत व्यवहार झालेले एकेक खाते दोन्हीकडे ताडून पाहा. एकूण शिल्लक जुळली म्हणून थांबू नका: एका खात्यातून दुसऱ्यात वळवलेली रक्कम प्रतीत आलीच नाही, तरी बेरीज तीच राहते.