दुसरी रेघ आणि पाळीची तारीख

गरोदरपणाची चाचणी मेडिकलमधून आणा किंवा आशाताईंकडून मोफत मिळणारं 'निश्चय' किट घ्या, आतली पट्टी सारखंच काम करते. ती गर्भ शोधत नाही, शोधते ते एचसीजी नावाचं संप्रेरक.

बीज फळलं तरी लगेच एचसीजी दिसत नाही. गर्भ गर्भाशयाच्या अस्तरात रुजायला बीज सुटल्यापासून ६ ते १२ दिवस लागतात. पुढे ज्यांची वार बनते त्या पेशी मग हे संप्रेरक सोडू लागतात, आणि सुरुवातीला दर दोन-तीन दिवसांनी ते दुप्पट होतं. म्हणून पाळी चुकायच्या आधीच घाई केली तर एकच रेघ येते आणि चार दिवसांनी दोन. पट्टी खोटं बोललेली नसते, तिला विचारलं फार लवकर. सकाळची पहिली लघवी घ्यायची तीही याचसाठी, रात्रभर साठल्यामुळे ती दाट असते.

पट्टीत सोन्याचे अतिसूक्ष्म कण असतात, त्यांना प्रतिपिंडं, म्हणजे एचसीजीला चिकटणारी प्रथिनं, चिकटवलेली. ती एचसीजीला धरून पुढे सरकतात आणि 'टी' म्हणजे चाचणीच्या रेघेवरची प्रतिपिंडं त्याला दुसऱ्या बाजूने पकडतात. तिथे सोनं साठतं. इतकं बारीक सोनं पिवळं नाही, लालसर गुलाबी दिसतं! पट्टी नीट चालतेय हे दाखवणारी 'सी' रेघ उमटलीच नाही, तर पट्टी बाद. 'टी' रेघ फिकी असली तरी ती आहेच; मात्र किटवर दिलेली वेळ उलटल्यावर उमटलेला डाग धरू नये. १९३०च्या दशकात हेच काम आफ्रिकेतली बेडकी करायची. लघवी टोचल्यावर तिने अंडी घातली, की बाई गरोदर.

गर्भ कुठे रुजलाय, हे मात्र पट्टीला कळत नाही. गर्भनलिकेत रुजला तरी दोनच रेघा येतात. पोटात एका बाजूला जोरात दुखणं, रक्त जाणं, चक्कर येणं, यांपैकी काही असेल तर थेट दवाखाना गाठावा.

डॉक्टर पहिला प्रश्न विचारतात शेवटच्या पाळीच्या तारखेचा. आठवडे तिथून मोजतात, त्यामुळे पाळी चुकली त्याच दिवशी साधारण चार आठवडे भरलेले असतात. लग्नाला तीन आठवडे झालेत आणि कागदावर पाच, यावरून घरात उगाच संशय पिकतो. दोष असतो तो मोजायच्या रीतीचा.

मूल हवं असेल तर लवकर नाव नोंदवून फॉलिक ॲसिड सुरू करायचं. नको असेल तर कायद्याच्या अटींत केलेला गर्भपात गुन्हा नाही. गर्भलिंग तपासणी गुन्हा आहे, आणि या दोन कायद्यांची सर्रास गल्लत होते. १९७१चा गर्भपाताचा कायदा २०२१मध्ये सुधारला. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं आणि गर्भनिरोधक फसलं हे कारणही चालतं, लग्न झालेलं असो वा नसो. २० ते २४ आठवड्यांत ठरावीक परिस्थितीतल्या स्त्रियांसाठी दोन डॉक्टर लागतात. त्यात अविवाहित स्त्रियाही येतात, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२मध्ये सांगितलं. गोळ्या ९ आठवड्यांपर्यंतच, त्याही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे. नवऱ्याची सही कायदा मागत नाही, काही दवाखाने तरीही मागतात.

तिसरी वाट फार कमी जणींना ठाऊक असते. बाळंत होऊन मूल दत्तक देण्यासाठी बाल कल्याण समितीकडे सोपवता येतं, आणि सही केल्यावरही फेरविचाराला दोन महिने मिळतात.