महास्वरपरिवर्तन, इंग्रजीतील

इंग्रजी भाषेतील दीर्घ स्वरांच्या उच्चारांत सुमारे १४०० ते १७०० या काळात झालेला व्यापक बदल. उत्तरकालीन मध्य इंग्रजीच्या (सुमारे १४व्या-१५व्या शतकांतील इंग्रजीच्या) दक्षिणेकडील बोलींत सात दीर्घ स्वर होते. त्यांपैकी पाच स्वर उच्चारताना जीभ पूर्वीपेक्षा वर उचलली जाऊ लागली. ई आणि ऊ हे आधीच सर्वांत वरचे असल्याने त्यांचे संयुक्त स्वर (‘आइ’, ‘आउ’ असे दोन स्वरांचे जोड उच्चार) झाले. इंग्रज कवी चॉसरच्या (मृ. १४००) वेळचा ‘टीम’ पुढे ‘टाइम’ झाला, ‘हूस’चा ‘हाउस’, ‘फेट’चा ‘फीट’, ‘मोन’चा ‘मून’ आणि ‘नाम’चा ‘नेम’ झाला. मुळाक्षरांची नावेही यातून सुटली नाहीत. जर्मनमध्ये ज्या अक्षरांना आ, ए, ई म्हणतात, त्यांनाच इंग्रजीत ए, ई, आय म्हणतात. ऱ्हस्व स्वर या स्थित्यंतरापासून बहुतांशी अलिप्त राहिले. त्यामुळे ‘डिव्हाइन’ व ‘डिव्हिनिटी’ किंवा ‘सेन’ व ‘सॅनिटी’ अशा जोड्यांत एकाच धातूचे दोन उच्चार दिसतात. ‘ग्रेट व्हॉवेल शिफ्ट’ ही संज्ञा डॅनिश भाषाशास्त्रज्ञ ऑटो येस्पर्सन यांनी १९०९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या व्याकरणग्रंथात रूढ केली.

कालनिश्चिती : उच्चार कागदावर उमटत नाहीत, म्हणून पुरावा आडवाटेने मिळवावा लागतो. भाषाशास्त्रज्ञ हेन्री सेसिल वाइल्ड यांनी १५व्या शतकातील खासगी पत्रांमधल्या चुकार वर्णलेखनावर भर दिला. लेखनाची फारशी सवय नसलेला माणूस ऐकू येईल तसे लिहितो, हे त्यामागचे गृहीतक होय. ई. जे. डॉब्सन यांना (१९५७) हा आधार डळमळीत वाटला. त्यांनी १६व्या-१७व्या शतकांतील उच्चारविषयक ग्रंथ प्रमाण मानले. या ग्रंथकारांत जॉन हार्ट सर्वांत विश्वसनीय ठरतो. १५६९ च्या आपल्या ग्रंथात त्याने प्रत्येक ध्वनीसाठी स्वतंत्र चिन्ह योजले. त्याच्या नोंदींनुसार तोवर ‘टाइम’ व ‘हाउस’मध्ये संयुक्त स्वर आले होते आणि ‘फीट’, ‘मून’ यांचे उच्चार आजच्यासारखे झाले होते. ‘नेम’मध्ये मात्र तो अजून ‘आ’च नोंदवतो.

ऑक्सफर्डमध्ये शिकणाऱ्या एका वेल्श कवीच्या नावावर असलेले मेरीस्तोत्र (येशूची माता मेरी हिचे स्तोत्र) हा आणखी एक मोलाचा पुरावा. त्याची रचना सुमारे १४७० ची मानतात. उपलब्ध प्रती नंतरच्या आहेत. भाषा इंग्रजी, पण वर्णलेखन वेल्श पद्धतीचे, त्यामुळे इंग्रजी लेखनपरंपरेचे दडपण त्यावर नाही. त्यात आजचे ‘अबायडिंग’ हे ‘अबेइडिंग’ असे लिहिले आहे, तर ‘लेडी’ हे ‘लाडी’ असे. हार्टच्या साक्षीशी हे चांगले जुळते : वरचे स्वर आधी हलले, ‘आ’ मागे राहिला.

प्रारंभाविषयीचा वाद : बदल कोणत्या स्वरापासून सुरू झाला, यावर शंभराहून अधिक वर्षे चर्चा चालू आहे. येस्पर्सन यांच्या मते प्रथम ई व ऊ संयुक्त झाले. त्यांची जागा रिकामी झाली आणि खालचे ए, ओ वर ओढले गेले. ए आधी वर गेला असता तर तो मूळच्या ई मध्ये मिसळला असता, तसे झालेले दिसत नाही, हा त्यांचा मुख्य युक्तिवाद. ऑस्ट्रियन विद्वान कार्ल लुइक यांनी त्याआधीच, १८९६ मध्ये, नेमके उलट मत मांडले होते : ए व ओ वर सरकले आणि त्यांच्या रेट्याने ई व ऊ यांना जागा सोडावी लागली.

लुइक यांचा आधार उत्तरेकडील बोलींचा आहे. इंग्लंडमधील हंबर नदीच्या उत्तरेस दीर्घ ‘ओ’ हा १३०० च्या सुमारास जिभेच्या पुढील भागाकडे सरकला होता. म्हणजे ‘ऊ’च्या खाली त्याला ढकलणारा स्वरच उरला नव्हता. आणि तिथे ‘ऊ’ संयुक्त झालाच नाही. स्कॉटिश बोलीत आजही ‘हाउस’ला ‘हूस’, ‘आउट’ला ‘ऊट’ आणि ‘काउ’ला ‘कू’ म्हणतात. ‘ए’ मात्र उत्तरेत जागेवर होता आणि ‘ई’ तिथेही बदलला. ‘ऊ’ स्वतःहून आधी हलला असे मानले, तर तो उत्तरेत का हलला नाही, याचा उलगडा येस्पर्सन यांच्या मांडणीत होत नाही. भाषाशास्त्रज्ञ रॉजर लास यांनी लुइक यांची बाजू उचलून धरली असून वरच्या चार स्वरांपुरती (ई, ऊ, ए, ओ) ती अधिक ग्राह्य वाटते.

रॉबर्ट स्टॉकवेल व डॉन्का मिन्कोव्हा यांनी १९८८ मध्ये ‘एकच महान बदल’ या कल्पनेवरच शंका घेतली. वेगवेगळ्या काळांतील सुटे बदल मागाहून पाहणाऱ्याला साखळीसारखे भासतात, असे त्यांचे म्हणणे. खालच्या स्वरांपुरते हे मान्य करण्यास हरकत नाही, कारण तिथली उलथापालथ १८व्या शतकापर्यंत चालली. मांस या अर्थाचा ‘मीट’ आणि भेटणे या अर्थाचा ‘मीट’ यांचे स्वर पूर्वी वेगळे होते. १६व्या शतकात रुळलेल्या लेखनात तो फरक टिकला, उच्चारात पुसला गेला. कवी पोपने ‘टी’चे यमक ‘ओबे’शी जुळवले, ते त्याच्या काळी चालत असे. ‘ग्रेट’, ‘ब्रेक’, ‘स्टेक’ हे शब्द ‘ई’पर्यंत पोहोचलेच नाहीत.

कारणे : १३४८ च्या प्लेगनंतर लंडनकडे झालेले स्थलांतर आणि वरिष्ठ वर्गाने फ्रेंच सोडून इंग्रजी स्वीकारणे ही कारणे वारंवार दिली जातात. परंतु ‘हूस’चे ‘हाउस’ जर्मनमध्येही झाले, तेही बव्हेरिया-ऑस्ट्रियाकडे इंग्रजीच्या आधी. तेव्हा केवळ लंडनच्या समाजस्थितीवर विसंबणारे स्पष्टीकरण अपुरे पडते.

अपवाद : ओष्ठ्य (ओठांनी उच्चारल्या जाणाऱ्या प, म यांसारख्या) व्यंजनापूर्वी ‘ऊ’ टिकला, उदा., ‘रूम’. ‘मशीन’, ‘पोलीस’ हे फ्रेंचमधून उशिरा आलेले शब्द बदलाच्या तावडीत सापडले नाहीत. इंग्लंडचा पहिला मुद्रक कॅक्स्टन याने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला आणि लेखन तिथेच गोठले, असे सांगतात. प्रत्यक्षात छापील लेखन स्थिरावण्यास १७व्या शतकाचा मध्य उजाडला.

‘नेम’, ‘कोट’ यांतील ए, ओ दक्षिण इंग्लंडमध्ये सुमारे १८०० पासून ‘एइ’, ‘ओउ’ असे संयुक्त होऊ लागले. स्कॉटलंडमध्ये आणि मराठी भाषकांसह बहुसंख्य भारतीयांच्या इंग्रजीत ते सरळच उच्चारले जातात.