ड्रोमाना प्रवेशद्वार

आयर्लंडच्या वॉटरफर्ड परगण्यात, व्हिलियर्सटाउनजवळ, ड्रोमाना इस्टेटीच्या वाटेवर असलेली एकोणिसाव्या शतकातील वेस. ब्लॅकवॉटरला मिळणाऱ्या फिनिस्क नदीवरील पुलाला लागूनच ती उभी आहे. मधोमध कमानीचा मार्ग, त्यावर तांब्याने मढवलेला कांद्याच्या आकाराचा घुमट, सडपातळ मिनार आणि दोन्ही अंगांना पहारेकऱ्यांची घरे अशी तिची मांडणी आहे.

इस्टेटीचे मालक हेन्री व्हिलियर्स-स्टुअर्ट यांनी 1826 मध्ये व्हिएन्नाच्या थेरेसिया पॉलिन ओट यांच्याशी विवाह केला. नवदांपत्याच्या स्वागतासाठी लाकूड, कापड आणि कागदाच्या लगद्याची तात्पुरती कमान उभारण्यात आली होती. ती जोडप्याला आवडल्याने पुढे पक्क्या बांधकामात उतरवली, अशी परंपरागत हकीकत आहे. आजच्या वेशीचा काळ सामान्यतः 1849 च्या सुमारास धरतात. मार्टिन डे या वास्तुविशारदाच्या रेखाटनांमुळे रचनेचे श्रेय त्यांना देण्याकडे कल असून तो ग्राह्य वाटतो. मात्र मूळच्या कमानीची कल्पना कोणाची, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

शैलीला ‘हिंदू-गॉथिक’ म्हणण्याचा प्रघात आहे. त्यातील गॉथिक, म्हणजे टोकदार कमानींच्या मध्ययुगीन युरोपीय शैलीचे, अंग खिडक्यांच्या घडणीत स्पष्ट दिसते. ‘हिंदू’ अंगाचे तसे नाही: शिखर, मंडप वा तोरण यांपैकी येथे काहीच नाही, घुमट आणि मिनार हे घटक इस्लामी, मुघल वास्तुकलेच्या घराण्यातले. शिवाय हे रूप भारतातून थेट आलेले नसावे. वास्तुविशारद जॉन नॅश यांनी 1815 ते 1822 दरम्यान इंग्लंडमधील ब्रायटनच्या राजप्रासादाला जो कल्पित पौर्वात्य साज चढवला, तो येथील नमुना असावा, हे मत अधिक सयुक्तिक ठरते. नॅश यांच्यापुढेही भारत होता तो प्रामुख्याने टॉमस आणि विल्यम डॅनियल या चित्रकारांच्या चित्रसंग्रहांतला. इंग्लंडच्याच ग्लॉस्टरशरमधील सेझिनकोट हा मुघल धर्तीचा प्रासाद ब्रायटनच्याही आधीचा. तेथे मात्र मालकाच्या घराण्याचा ईस्ट इंडिया कंपनीशी प्रत्यक्ष संबंध होता. ड्रोमानाबाबत असा दुवा पुढे केला जात नाही.

व्हिलियर्स-स्टुअर्ट 1839 मध्ये लॉर्ड स्टुअर्ट डी डेसीझ झाले. 1874 मध्ये त्यांच्या निधनानंतर, विवाहाची कायदेशीरता सिद्ध न झाल्याने किताब मुलाकडे गेला नाही. विसाव्या शतकात वेस मोडकळीस आली. 1960 च्या दशकात आयरिश जॉर्जियन सोसायटी या वास्तुवारसा जपणाऱ्या संस्थेने तिची डागडुजी केली.