क्षमा झाली, मग दर रविवारी पापकबुली कशाला?

"ख्रिस्ताने आपली पापं क्षमा केली ना, मग दर रविवारी गुडघे टेकून पुन्हा कबुली का द्यायची?" नाशिकच्या आमच्या तरुण संघात हा प्रश्न हमखास निघतो. निघालाच पाहिजे, कारण त्याच्या मुळाशी दोन गोष्टींची सरमिसळ आहे. एक नीतिमान ठरणं, दुसरं पवित्रीकरण.

नीतिमान ठरणं हा निकाल आहे. देव न्यायाधीश, आपण आरोपी, आणि ख्रिस्ताच्या वधस्तंभावरील मरणामुळे निकाल आपल्या बाजूने लागतो, तोही आपण सुधारायच्या आधी. विश्वास ठेवणारा त्याच क्षणी पूर्ण निर्दोष ठरतो, अर्धामुर्धा नाही. ख्रिस्त येशूमध्ये असलेल्यांना दंडाज्ञा नाही, असं प्रेषित पौल बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात म्हणतो ते याबद्दलच. पवित्रीकरण मात्र आयुष्यभर चालतं. शिक्षा गेली तरी राग, हाव, जिभेचं वळण तिथेच असतं. पवित्र आत्मा ते बदलत नेतो आणि त्यात आपल्यालाही झटावं लागतं.

(कॅथलिक परंपरा ही दोन इतकी वेगळी काढत नाही. १५४७ साली ट्रेंटच्या कॅथलिक धर्मपरिषदेने अंतःकरणाचं नवीकरणही नीतिमान ठरण्यातच धरलं. मी प्रोटेस्टंट मांडणीतून लिहितो आहे.)

नाशिककराला याचं उदाहरण शरणपुरातच सापडतं. एकोणिसाव्या शतकात चर्च मिशनरी सोसायटीने तिथे वसाहत उभारली आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे आणली. जहाज पकडलं गेलं, तेव्हाच त्यांचं गुलामपण संपलं. पुढे शाळेत आणि हातातलं काम शिकण्यात वर्षं गेली. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट आफ्रिकेत फिरलेला मिशनरी आणि संशोधक लिव्हिंगस्टन याच्या पार्थिवाबरोबर इंग्लंडला गेला आणि १८७४ साली वेस्टमिन्स्टर ॲबेमधल्या दफनाला हजर होता. शिक्षणाच्या बदल्यात त्याला सुटका मिळाली नव्हती. सुटका झाली होती म्हणून तो शिकू शकला. पौलही त्याच पत्राच्या सहाव्या अध्यायात दास्याचीच भाषा बोलतो. पाप आता तुमचं धनी नाही, तेव्हा आपले अवयव त्याच्या हवाली करू नका. आधी सुटका, मग आज्ञा. हा क्रम उलटला की सुवार्ता सुवार्ता राहत नाही.

सरमिसळीचा फटका कुणाला बसतो, तर दारू सोडलेला एखादा विश्वासणारा हळदीच्या रात्री पुन्हा प्यायला बसतो, त्याला. दुसऱ्या दिवसापासून त्याचं चर्चला येणं बंद. पाळकसाहेब घरी गेले की तो मागच्या दाराने निघून जातो. "माझं तारणच झालं नसेल," असं बायकोला म्हणतो. पडला तो पवित्रीकरणात आणि समजून बसला की निकालच रद्द झाला. त्याला दोन गोष्टी सांगाव्या लागतात, आणि त्या याच क्रमाने. तुझी क्षमा त्या ग्लासावर टांगलेली नव्हती. आणि आता त्या टोळक्यात बसू नकोस, तलफ आली की फोन कर. पहिली न सांगता दुसरीच सांगितली, तर त्याच्या डोक्यावर नुसतं ओझं चढतं. पूर्वी तो पिऊन गाढ झोपायचा, आता तळमळतो. पापाशी त्याचं नातं बदललंय ते इथे दिसतं.

रविवारची कबुली निकाल पुन्हा लावून घेण्यासाठी नसते. ते लेकराने बापापुढे खरं बोलणं आहे. आपल्यात पाप नाही म्हणणारा स्वतःला फसवतो, हे योहानाने लिहिलं तेही विश्वासणाऱ्यांनाच.

उलट्या बाजूची चूकही होते. "देवाने माफ केलंय" म्हणत लोक जुना हिशेब तसाच ठेवतात. लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाने चौपट परत देण्याचं म्हटलं ते येशू त्याच्या घरी उतरल्यावर. पैसे भरून त्याने तारण विकत घेतलं नव्हतं. पण येशू घरात आला आणि लुबाडलेला पैसा पेटीतच राहिला, असंही झालं नाही. द्राक्षबागेच्या छाटणीला आलेल्या मजुराची हजेरी बुडवून चर्चमध्ये साक्ष द्यायला उभा राहणाऱ्याला वडीलमंडळींनी बाजूला घेऊन स्पष्ट सांगावं, त्या माणसाचे पैसे आजच्या आज दे.