जेनेटिक कोड सगळीकडे एकच? आपल्याच पेशीत दोन आहेत!

"बॅक्टेरियापासून माणसापर्यंत जेनेटिक कोड तंतोतंत एकच" हे नोट्समधून, व्हिडिओंमधून वर्षानुवर्षं फिरतंय, पण ते पूर्ण खरं नाहीये. बेसिक बरोबर आहे, जेनेटिक कोड म्हणजे जीनमधल्या अक्षरांवरून प्रोटीनमध्ये कोणतं अमिनो आम्ल (प्रोटीनचा घटक) जोडायचं ते सांगणारा तक्ता, आरएनएची (जीनच्या नकलेची) 3 अक्षरं म्हणजे एक कोडॉन, एकूण 64, त्यातले 61 अमिनो आम्लांचे आणि 3 स्टॉप, म्हणजे "प्रोटीन इथे संपलं" सांगणारे, बहुतेक सजीवांत हाच तक्ता चालतो. पण 1979 मध्ये कळलं की माणसाच्या मायटोकाँड्रियात (पेशीला ऊर्जा देणाऱ्या, स्वतःचे जीन्स असलेल्या भागात) यूजीए हा स्टॉप कोडॉन चक्क ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल जोडतो! म्हणजे न्यूक्लियसमधल्या जीन्सना एक तक्ता आणि त्याच पेशीतल्या मायटोकाँड्रियाच्या जीन्सना थोडा वेगळा, भारीच आहे ना हे? मायकोप्लाझ्मा या बॅक्टेरियातही यूजीए म्हणजे ट्रिप्टोफॅनच, त्यामुळे त्याचा जीन आहे तसा ई. कोलाय या लॅबमधल्या नेहमीच्या बॅक्टेरियात टाकला तर पहिला यूजीए आला की प्रोटीन तिथेच अर्धवट थांबतं, आणि मग लॅबमध्ये आधी ते कोडॉन बदलून घ्यावे लागतात. कोडॉनचा अर्थ ठरवतात टीआरएनए (अमिनो आम्ल आणून देणारे छोटे आरएनए) आणि त्यांना अमिनो आम्ल चिकटवणारी एन्झाइम्स, ती बदलली की अर्थ बदलू शकतो.

आणि प्लीज, यावरून "मग उत्क्रांतीच खोटी" असं कुणी म्हणू नका, फरक मोजक्याच कोडॉन्सचा आहे, बाकीचा तक्ता समान पूर्वजांकडूनच आलाय.