व्हिसाची मुदत वेगळी, मुक्कामाचे दिवस वेगळे

पासपोर्ट व्हिसाचा स्टिकर लागून परत आला की पणजी-म्हापशात बहुतेक जण नावाचं स्पेलिंग बघतात, शेवटची तारीख बघतात आणि पासपोर्ट कपाटात ठेवून देतात. स्टिकरवर दिवसांचा एक छोटा आकडाही असतो. घोळ होतो तो तिथे.

समजा, लिस्बनचं तिकीट १० ते १९ मे २०२६ असं आहे. शेंगेन व्हिसावर, म्हणजे पोर्तुगाल-जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसावर, मुदत १० मे ते ३ जून अशी येऊ शकते. पंचवीस दिवस मिळाले म्हणून खूश होऊ नका, मुक्कामाच्या रकान्यात १० लिहिलेलं असेल. जादा १५ दिवस फिरण्यासाठी नसतात, प्रवास पुढेमागे झाला तर हाताशी असावेत म्हणून असतात. १५ मेला पोचलात तर २४ मेपर्यंत राहा. २८ मेला पोचलात तर मात्र सातच दिवस, कारण ३ जूनला मुदतच संपते. तारखा सरकवल्या तर प्रवास विम्याच्या तारखाही सरकवा. किमान ३०,००० युरोचा तो विमा पूर्ण मुक्कामाला लागतो.

मोजताना पोचण्याचा आणि निघण्याचा, दोन्ही दिवस पूर्ण धरतात. रात्री ११.५० ला आत गेलात तरी एक दिवस खर्ची पडला. शिवाय नोंद लिस्बनलाच होते असं नाही. फ्रँकफर्टमार्गे गेलात तर आत-बाहेरची नोंद तिथेच होते. १९ तारखेला संध्याकाळी लिस्बन सोडलं आणि फ्रँकफर्टहून मुंबईचं विमान २० ला दुपारी असलं, तर झाले अकरा दिवस! दोहा-दुबईमार्गे जाणाऱ्यांना ही भानगड नाही. १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन संगणकात नोंद करणं टप्प्याटप्प्याने सुरू झालंय, त्यामुळे पुसट शिक्क्याच्या भरवशावर राहू नये.

प्रवेशांची संख्याही वाचा. तिथे १ असेल आणि मधेच ब्रिटनमधल्या स्विंडनच्या नातेवाइकांकडे जाऊन आलात, तर दहातले चार दिवस शिल्लक असूनही लिस्बनला परत घेणार नाहीत. ब्रिटनचा व्हिसा वेगळा काढावा लागतो, ते आलंच.

दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री व्हिसा मिळाला तरी कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच. बाहेर जाऊन आलं की मोजणी शून्यापासून सुरू होते, हा पक्का गैरसमज. राहायच्या प्रत्येक तारखेपासून, तो दिवस धरून, मागे १८० दिवस मोजायचे.

अमेरिकेचं गणित उलटं. दहा वर्षांचा पर्यटक व्हिसा फक्त दारापर्यंत नेतो. किती राहायचं ते विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, बहुधा सहा महिने, आणि ती तारीख आय-९४ या प्रवेशाच्या नोंदीत असते. तिथे असताना व्हिसा संपला तरी चालतं, आय-९४ची तारीख उलटलेली चालत नाही. पोचल्यावर ती नोंद ऑनलाइन उघडून तारीख लिहून ठेवा.