उत्तरेकडे वाहणारी नाईल एकटीच?

'जगातल्या सगळ्या नद्या उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतात, फक्त नाईल उलटी वाहते' हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. तो खरा नाही. पण तो पटतो, कारण भिंतीवरच्या नकाशात उत्तर वर असते आणि पाणी वरून खाली येतं हे आपण रोज पाहतो.

पाण्याला मात्र दिशा कळत नाही, उतार कळतो. नाईलचा एक मोठा प्रवाह व्हिक्टोरिया सरोवरातून निघतो. ते समुद्रसपाटीपासून सुमारे 1,130 मीटर उंचीवर आहे. तिथून जमीन उत्तरेकडे, भूमध्य समुद्राकडे उतरत जाते, म्हणून नदीही तिकडेच जाते. सायबेरियातल्या ओब, येनिसेई, लेना थेट आर्क्टिक महासागराला मिळतात. आल्प्समधून निघालेली ऱ्हाईनही उत्तर समुद्राकडे जाते. आपल्याकडे चंबळ आहे, बेतवा आहे.

इतकं लांब कशाला, आपली गिरणाच घ्या. नाशिक जिल्ह्यात सह्याद्रीत उगम, मालेगावावरून पूर्वेकडे, मग जळगाव जिल्ह्यात उत्तरेला वळून तापीत! गोदावरी तर अरबी समुद्र जवळ असूनही ब्रह्मगिरीवरून पूर्वेला निघते आणि 1,465 किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. रामकुंडावर ती दक्षिणवाहिनी म्हणून पूजली जाते, पण ते तेवढ्यापुरतं वळण आहे.

पडताळायचं असेल तर मोबाइलच्या नकाशात नदीचा उगम आणि मुख शोधा, दोन्हीकडची उंची पाहा. शाळेच्या ॲटलासमधला उठावाचा नकाशाही पुरतो: तपकिरी रंगाकडून हिरव्याकडे बोट फिरवत न्या.